माहिती सुखरूप आहे

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल परदेशी निघाला की त्याचं सूत, वजन, रंग पक्का की कच्चा, सगळं गिऱ्हाइकाला कळवलं जातं. तो ज्या पत्र्याखाली विणला गेला, त्याची चौकशी मात्र कामगाराने करू नये.

१८ मे २०२५ च्या पहाटे इथल्या एका कारखान्याला आग लागली. आठ जण गेले, त्यात एक लहानगं मूलही. त्यानंतर शेजारच्या शेडमधल्या माणसाला झोप लागेना, तर त्याने काय करावं? २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत, आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र सादर करावं लागतं. आपल्या कारखान्याचं सादर झालंय का, एवढंच विचारावं.

माहिती अधिकारात विचारायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. नकाराला शब्दमर्यादा नाही. सरकारचा जीव मोकळा व्हायला नको का?

शिवाय प्रमाणपत्रावर कुणाची तरी सही असते. म्हणजे खासगी माहिती! विधिमंडळाला जे नाकारता येत नाही, ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी एक ओळ माहिती अधिकार कायद्यात होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती काढून टाकली. व्यापक जनहिताचं कलम अजून शाबूत आहे, पण ते जनहित सिद्ध करायचं कुणी? अर्थात दीडशे शब्दांत, तुम्ही.

प्रश्न जीविताचा असेल तर ४८ तासांत उत्तर द्या, असंही कायदा सांगतो. जीवाला धोका आहे हे दाखवायला ते प्रमाणपत्र लागतं, आणि ते तर तुम्ही मागताय.

१९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, तेव्हा काय काय मना आहे ते निदान जाहीर केलं होतं. आपलं सरकार सभ्य. ते काहीच मना करत नाही, तीस दिवस थांबायला सांगतं. मग पहिलं अपील, त्याला पंचेचाळीस दिवसांपर्यंत. मग माहिती आयोग, तिथे दिवस मोजत नाहीत. तोवर जुलै उजाडतो, जानेवारीचं प्रमाणपत्र जुनं होतं. नव्याची माहिती हवी? विषय बदलला, साहेब. दहाचा दुसरा स्टॅम्प आणा.