दारपारखी

मनुष्याच्या सौंदर्यदृष्टीची खरी परीक्षा त्याच्या ऐपतीच्या हद्दीवर होते, आणि त्या हद्दीवर ठाण मांडून बसलेल्या गृहस्थाचा अस्सल नमुना पाहावयाचा असेल, तर अकोल्याहून वाशिमकडे जाताना पातूर मागे टाकून मेडशीस उतरावे. घर उभे राहिले, ओट्यावर काळा ग्रॅनाइट बसला आणि सोयाबीनच्या पट्टीतून उरलेली रक्कम पत्नीने निराळी काढून ठेवली, की स्वयंपाकघरातील कपाटांच्या दारांविषयी या गृहस्थाच्या ठायी जी तात्त्विक जिज्ञासा उत्पन्न होते, ती त्यास संसारी माणसांतून उठवून दारपारख्यांच्या पंक्तीस नेऊन बसविते.

अकोल्याच्या दुकानांतून मागून आणलेले नमुन्यांचे तुकडे तो जप्त मुद्देमालाप्रमाणे क्रमवार मांडतो. प्लायवर १ मिलिमीटरचा सनमायका चिकटविलेले सपाट दार, एमडीएफवर नक्षी कोरून वरून पीव्हीसीचा पापुद्रा चढविलेले मेंब्रेनचे दार, चकाकणारे अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतील काच, अशा चौघांची यथासांग तहकीकात होते. पैकी ज्याचा चौरस फुटाचा दर सर्वांत चढा, नेमके त्याच्यावरच त्याचे मन जडते. पुढे ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून, म्हणजे ३२ चौरस फुटांतून, एकही तुकडा वाया न जाता किती दारे निघतील याचे गणित तो लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मांडतो, आणि ते जुळत नाही तेव्हा मिस्त्रीच्या सचोटीविषयी साशंक होतो.

मिस्त्री मात्र अनुभवी असतो. “काकाजी, दार कोन्तंबी घ्या, पन सिंकखालच्या बॉक्सले ७१० चा मरीन प्लायच पायजे. पानी तिथंच झिरपते.”

“पाहुन्याले बॉक्स दिसते का दार दिसते?” हा दारपारख्याचा बिनतोड सवाल.

तोच चुलीकडून न्यायनिवाडा येतो, “अहो, त्या नक्षीत फोडनीचं तेल अन् हळद जाऊन बसन, थे पुसाले तुमी येसान का?”

एवढ्यावर कोरीव दाराचा अर्ज निकालात निघतो. अखेरीस बैठकीतून दिसणाऱ्या वरच्या रांगेस अ‍ॅक्रिलिक, आडबाजूस सनमायका आणि ओट्याखाली, अंदाजपत्रक तेथवर पोहोचेतो क्षीण झालेले असल्यामुळे, स्प्रिंगेत ओवलेला जुन्या लुगड्याचा पडदा, असा तह होतो. वास्तुशांतीस आलेल्या मंडळींनी पडद्याविषयी पृच्छा केलीच, तर ओट्याखाली हवा खेळती असणे आरोग्यास किती आवश्यक आहे, हे तो अशा अधिकारवाणीने प्रतिपादितो की, त्याच आठवड्यात गावातील आणखी दोन घरे त्याचा सल्ला घेण्यास येतात. त्या पडद्याआड मरीन प्लायचा भक्कम बॉक्स उभा असून मिस्त्री व पत्नी या उभयतांनी त्याची रक्कम बिलात ‘किरकोळ खर्च’ या सदराखाली परस्पर मंजूर करून टाकली आहे, याची वर्दी मात्र या मुखत्यारास कोणी दिलेली नसते.