शिकवणीचं स्थळ

वरवंडात माणूस मिळत नाही, अशी कुणाची तक्रार नसते. विहिरीवरची मोटर जळाली तर दुपारपर्यंत कुणीतरी येतं. हायवेला गाडी पंक्चर झाली तर पंक्चरवाला जणू वाट बघत बसलेला असतो. ऊसतोडीची टोळीसुद्धा, दहा फोन झाल्यावर का होईना, फडात उतरते. पण पाचवीतल्या पोराजवळ रोज तासभर बसून त्याला अपूर्णांक शिकवील असा माणूस शोधायला निघालं, की एवढं मोठं गाव एकदम वाडीएवढं होतं.

हे काम आमच्या घरात माझ्याकडं आलं. सून म्हणाली, “बाबा, नाहीतरी सकाळी डेअरीपासून सलूनपर्यंत सगळीकडं बसताच, तर तेवढं शिकवणीचं बघा की.” यात विनंती किती आणि टोमणा किती, याचा हिशेब मी केला नाही.

घरात शिकलेलं कुणी नाही, असं नाही. सून बी.कॉम. आहे, मुलाचा डिप्लोमा झालाय, अपूर्णांक दोघांनाही येतात. पण कालव्याला आवर्तन असलं की मुलगा वावरात, आणि मोटरची लाइट रात्रीची असली तर तो रात्रीही वावरात. सुनेनं पोराला घेऊन बसायचं ठरवलं तर दुसऱ्या उदाहरणाला तिचा आवाज चढतो, तिसऱ्याला पोराचा, आणि चौथ्याला शेजारीण विचारायला येते, काय झालं म्हणून. माझं स्पष्ट मत आहे, शिकवणीची फी विद्येसाठी नसतेच. चिडण्याचा हक्क ज्याला नाही असा माणूस आपण महिन्याच्या बोलीवर आणतो.

पण गावात असं सांगता येत नाही. गावात ‘पोराचा पाया पक्का करायचाय’ असं सांगावं लागतं. मग स्थळं येऊ लागतात. मुलीचं लग्न काढल्यावर जशी येतात तशीच. डेअरीवर दुधाची फॅट लागेपर्यंत दोन, सलूनमध्ये दाढीला फेस लावेपर्यंत तिसरं. प्रत्येक स्थळ सांगणाऱ्याच्या नात्यातलं, आणि प्रत्येकाचा निकाल शंभर टक्के.

शाळेतल्या गुरुजींनाच विचारावं, असं एक जण म्हणाला. पण शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातलं २८ वं कलम शिक्षकाला खासगी शिकवणी करू देत नाही. गुरुजींना अडचणीत कशाला टाका, म्हणून तो विषय मी चहावरच संपवला.

हायवेच्या कडेला गाळ्यात क्लास असतात. शटर, बाकं, आणि बाहेर गुणवंतांचे फोटो असलेला फ्लेक्स. आत पोरं इतकी दाटीनं बसलेली की आमचा नातू तिथं नुसता अंग चोरायला शिकला असता. मग एक एमपीएससीवाला मुलगा बघितला. कडेठाणहून शटल धरून पुण्याला जायचा, काही वर्षं पेठेत खोली करून राहिला, आता घरी आलाय. पोरगा फार गुणी. पण त्याची परीक्षा अजून व्हायचीय, म्हणून तो जे वाचतो तेच शिकवतो. नातू जेवताना आजीला राज्यसभेच्या सदस्याचं किमान वय विचारू लागला आणि सात आठे किती म्हटल्यावर छताकडं बघू लागला.

निवृत्त गुरुजींकडं मी मोठ्या आशेनं गेलो. त्यांनी नातवाला समोर बसवलं आणि एकदम औटकीला हात घातला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यायलाच पाहिजेत, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा तर झोपेत यायला पाहिजे. “साताला किती?” नातू गप्प. मीही गप्प. “साडेचोवीस!” गुरुजी म्हणाले आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा चौथीत गेलो. मग ते २०१९ सालच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाकडं वळले. त्यात पंचवीसला ‘वीस पाच’ वाचायची सोय केली होती. जुनी पद्धतही पुस्तकात होती आणि ही सोय अडखळणाऱ्या पोरांसाठी होती, हे मी सांगून बघितलं. गुरुजींचा राग ऐन तारुण्यात होता. नातू तेवढ्यात चप्पल घालून अंगणात पोचला होता.

खरंतर आपल्याकडं शिकवणीचं वेड तसं बेताचं आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातली पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुलं पैसे भरून शिकवणीला जाताना दिसली, आणि बिहार-बंगालात हे प्रमाण सत्तरच्या पुढं होतं. म्हणजे तिकडं शिकवणीला न जाणारं पोरगं शोधत फिरावं लागत असणार. आमच्याकडं हे वेड येतं ते नवोदयमुळं. पुणे जिल्ह्याचं नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात शिक्रापूरला आहे. पाचवीत परीक्षा, दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले निम्मे आकृत्यांचे, आणि सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. या आकड्यांनी चांगल्या शांत घरांची झोप उडते.

शेवटी स्थळ निघालं ते दोन घरं सोडून. तिथली धाकटी सून डी.एड. आहे. टीईटी पास, अभियोग्यता चाचणी दिलेली, आणि बाकी महाराष्ट्रातल्या डी.एड.वाल्यांसारखी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसलेली. संध्याकाळच्या धारा आणि रात्रीचा स्वयंपाक यांच्यामधल्या वेळात ती ओट्यावर आठ-दहा पोरं घेऊन बसते. मेथी निवडता निवडता लसावि-मसावि चाललेला असतो. मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांना संस्कृत शिकवलं आईनं, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर घरकामातून सवड नाही, म्हणून लेकीला उजाडायच्या आधी लाडानं उठवून पाठ द्यायच्या. पुढं १८७८ मध्ये त्याच लेकीला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलं. इथून जवळच, केडगावात, रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. तेव्हा मेथीची जुडी बघून मी नाक मुरडणार नव्हतो.

मी विचारायला गेलो फी, आणि मुलाखत माझीच झाली. पोराला घरी मारतं कोण? टीव्ही किती वाजता बंद होतो? चुकलं तर आधी कोण बोलतं? मग म्हणाली, “आबा, उसाच्या वजनकाट्याच्या जुन्या पावत्या असतील तर द्या.” मला वाटलं, फी उसाच्या बिलातून कापणार. पण तिनं पोरांपुढं पावत्या टाकल्या. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी करा. टनाचा भाव हा, तर साडेबारा टनाचे किती? ऊसवाल्यांची पोरं ती. वडिलांच्या बिलाचा प्रश्न आल्यावर दशांशचिन्ह कुणी इकडं-तिकडं होऊ दिलं नाही. आमच्या नातवानं तर घरी येऊन बापाला तीन वर्षांचा हिशेब मागितला.

जूनमध्ये शाळा सुरू होऊन बस्तान बसतंय तोवर तुकोबारायांची पालखी येते. यवतहून निघून मुक्काम आमच्याकडं, पुढं उंडवडी गवळ्याची. त्या दिवशी शाळेत वारकरी, ओट्यावर वारकरी, आणि शिकवणी अर्थातच बंद. शिकवणीची ताई म्हणाली, यंदा पोरांना भाकरीच्या पिठाचा हिशेब घालते. एका दिंडीत माणसं किती, माणशी भाकरी किती. पोरांनी हिशेब केला. पीठ उरलं, पण वारकऱ्यांच्या भुकेचा अंदाज पोरांनी जास्त धरला की बायकांनी आधीच जास्त दळून ठेवलं होतं, हे निघालं नाही.

तिची एकच अट होती. शिकवणीच्या वेळी आजोबांनी ओट्याच्या आसपास बसायचं नाही. मी उत्तरं सांगतो, अशी तिची तक्रार. आता मी समोरच्या पारावर बसतो. तिथून ऐकू येतं, पण सांगता येत नाही.

अडचण वेगळीच आहे. पेपरात शिक्षकभरतीची बातमी आली की आमच्या आठ-दहा घरांच्या पोटात गोळा येतो. ताईला नोकरी लागावी असं सगळ्यांना मनापासून वाटतं, फक्त नवोदयची परीक्षा झाल्यावर लागावी. परवा अशीच बातमी आली. सुनेनं पेपराची घडी घालून तांदळाच्या डब्यामागं ठेवली. मी म्हटलं, अगं, तिच्याकडं मोबाइल आहे. सून म्हणाली, “असू द्या. आपल्या घरातून नको कळायला.”