फक्त हात दिसतात

एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात माझ्या अभ्यासाची कीर्ती इन्स्टाग्रामभर पसरली. विद्यापीठापर्यंत ती पोचली नाही, एवढंच.

सुरुवात सद्हेतूनं झाली होती. रात्री रील्सच्या नादात जात होत्या. पान कधी संपूच नये, बोटानं नुसतं सरकवत राहावं, ही सोय २००६ साली एझा रास्किन नावाच्या गृहस्थानं काढली आणि पुढे तो जाहीरपणे हळहळलाही. त्याच्या हळहळीनं माझा इकॉनोमेट्रिक्सचा राहिलेला पेपर काही सुटला नाही.

रूममेट म्हणाला, फोन नुसता टेबलावर असला तरी डोकं कमी चालतं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये असंच मांडलंय, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. आमच्या नवी पेठेतल्या कॉट बेसिसला दुसरी खोली नव्हती. मग मी फोन स्टँडवर लावला आणि स्वतःच्या अभ्यासाचं शूटिंग सुरू केलं. फोन कामात, मी अभ्यासात!

तासाभराचा अभ्यास टाइमलॅप्समध्ये अर्ध्या मिनिटात मावतो. माझ्या बाबतीत हे प्रमाण अगदी प्रामाणिक होतं. कारण उरलेला वेळ नेपथ्यात जायचा. दामोदर गुजरातींचं इकॉनोमेट्रिक्सचं जाडजूड पुस्तक मधोमध. हायलायटर कुठल्या ओळीवर फिरवायचा हे खिडकीतला उजेड ठरवायचा, त्यामुळे प्रस्तावना पिवळीधमक आणि रिग्रेशन कोरं करकरीत. पेनं ठेवायला घरून आणलेलं पितळी फुलपात्र. चहातून वाफ दिसावी म्हणून तोच चहा पुन्हा पुन्हा गरम. फ्रान्चेस्को सिरिलो हा इटालियन विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास करायचा. त्यातूनच पुढे त्याची २५ मिनिटांची पद्धत जगभर गाजली. मीही तसलं घड्याळ मागवलं. लाल रंगानं फ्रेम काय भरली! चावी द्यायचं मात्र राहूनच गेलं.

फॉलोअर्स वाढले. ज्युनिअर पोरं विचारायची, ‘दादा, एवढी एकाग्रता कशी साधता?’ कुणाला नाराज करणं माझ्या स्वभावात नाही. प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिता लिहिता रात्रीचे दोन वाजायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री तर ‘शेवटच्या दिवसाचं नियोजन’ या रीलचं एडिटिंग पहाटेपर्यंत चाललं. ती रील तुफान चालली. पेपरात माझी पेनं चालली नाहीत.

निकाल लागला. इकॉनोमेट्रिक्स पुन्हा राहिलं. घरी कसं सांगावं याची जुळवाजुळव चालली असतानाच फॅमिली ग्रुपवर बाबांचा मेसेज आला. सोबत माझीच रील. खात्यावर माझं नाव नव्हतं आणि व्हिडिओत नुसते हात दिसायचे. खाली बाबांनी लिहिलं होतं, ‘हा मुलगा बघ. फोनला हातसुद्धा लावत नाही.’

मी निमूटपणे अंगठा टाकला. काकांनी टाळ्या टाकल्या. आत्यानं नमस्कार केला.

मग आईचा मेसेज आला : ‘ते फुलपात्र आपलं आहे. आजीचं नाव कोरलंय त्यावर. आणि नखं काप.’