शिसवी संसार

गिटारी जमवणाऱ्या माणसाला 'किती झाल्या?' हा प्रश्न आवडत नाही. खरं उत्तर दिलं तर बायको ऐकते, खोटं दिलं तर मुलगी दुरुस्त करते. म्हणून मी 'वाजवण्याजोग्या म्हणाल तर...' अशी सुरुवात करतो आणि समोरच्याचा चहा संपेपर्यंत बोलत राहतो.

एक स्टीलच्या तारांची, एक नायलॉनच्या. एक बारा तारांची. तिच्या वाट्याचा निम्मा वेळ ती सुरात लावण्यात जातो, उरलेला ती उतरली का ते बघण्यात. एक स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची इलेक्ट्रिक. फेंडरनं १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर काढली ती तीन पिकअपची, पण स्विचला जागाही तीनच. वादक लोक वस्ताद. त्यांनी स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून आणखी दोन आवाज काढले. कंपनीनं पाच जागांचा स्विच दिला तो थेट १९७७ मध्ये. ही कथा मी फार रंगवून सांगतो.

"म्हणजे एकीतूनच पाच आवाज निघतात," बायको म्हणाली. "मग बाकीच्या कशाला?"

तेव्हापासून मी इतिहास पाहुण्यांपुरता ठेवला आहे.

खरी परीक्षा पावसाळ्यात. गिटारीला हवेत पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. जुलैत आमच्या डोंबिवलीची हवा पिळून वाळत घालावी अशी असते. लाकूड फुगतं, गिटारीचं पोट सुटतं, तारा पट्टीपासून वर उठतात आणि एरवीच नाकं मुरडणारा एफ कॉर्ड बोलणंच सोडतो. शेजारीपाजारी बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या माझ्यासाठी साठवतात. शेवटी दमटपणा शोषणारं यंत्र आणलं. दुसऱ्याच दिवशी आई पापडांचे डबे घेऊन त्या खोलीत हजर. "तुझ्या बायांना मानवतं ते माझ्या पापडांना नको?"

सहा स्टीलच्या तारांची मिळून ओढ सत्तर किलोच्या घरात जाते, हे मात्र बायकोनं कान देऊन ऐकलं. "एवढा ताण, आणि तरी सुरात!" एवढंच म्हणाली. बघत माझ्याकडे होती.

आता कुणी विचारेल, वाजवता काय? सोसायटीच्या गणपतीत फर्माईश ठरलेली: १९७३ च्या 'यादों की बारात'मधल्या 'चुरा लिया'ची सुरुवात. मूळ वादन भूपिंदर सिंग यांचं, त्यामुळे माझी छाती आधीच धडधडते. त्यात पेल्याची किणकिण हवीच म्हणून तळमजल्यावरचे काका चमचा-पेला घेऊन बसतात. टाळ्या त्यांनाच जास्त पडतात.

सध्या नजर एका मार्टिनवर आहे. ब्राझीलची शिसव दुर्मिळ झाली तेव्हा, १९६९ मध्ये, मार्टिन भारतीय शिसवीकडे वळली. म्हणजे आपलंच लाकूड पेनसिल्व्हेनियाला जातं आणि गिटार होऊन लाखांच्या भावात परत येतं. आईला वाटलं तर देशाभिमान वाटेल, म्हणून हे तिला सांगितलं. गिटारींच्या स्टँडसाठी जागा हवी म्हणून आजोबांचं शिसवी कपाट मी जुन्या फर्निचरवाल्याला दिलं होतं, हे त्या क्षणी ध्यानात नव्हतं. आईच्या होतं.

"आण बाबा," ती म्हणाली. "पण तिच्यात गोधड्या किती मावतात ते आधी विचारून ये."