खुलं संशोधन झाकून कसं ठेवावं

समजा, तुम्ही पुण्याजवळच्या मारुंजीतल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक आहात आणि आसपासच्या बोअरवेलच्या पाण्यावर पीएचडी करून बसला आहात. या भागातल्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असतात, त्यामुळे तुमचं संशोधन कुणाच्या तरी उपयोगी पडण्याचा धोका मोठा. त्यात प्राचार्यांचा निरोप येतो : "सर, नॅकचं मूल्यांकन आहे. रिसर्च सोशल मीडियावर टाका." घाबरू नका. संशोधन जगापुढे मांडायचं आणि तरी कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, याची रीत आता चांगली रुळली आहे.

व्याख्यानाच्या व्हिडिओची सुरुवात ड्रोनने करावी. गेट, कारंजं, पार्किंग, पुन्हा गेट. मग दीपप्रज्वलन. वाऱ्याने समई विझते तो तुकडा कापू नये. सगळ्या व्हिडिओत तेवढंच काय ते अस्सल असतं. पुढे शाल, श्रीफळ, रोपटं. सूत्रसंचालक "ज्यांना परिचयाची गरज नाही" असं म्हणून पंधरा मिनिटं परिचय करून देतात. तुमची पाळी येईपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते, म्हणून तुम्ही "थोडक्यात" बोलायचं आणि बोलताना आलेखाच्या बरोबर पुढ्यात उभं राहायचं. कॅमेरा तसाही पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर असतो.

रीलचं तंत्र वेगळं. थंबनेलवर लाल बाण, तुमचं उघडं तोंड आणि "हे पाणी पिताय? थांबा!" उत्तर पार्ट टूमध्ये. पार्ट टू काढू नये. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. एवढं एक वाक्य आणि तुमच्या बोअरचे आकडे सांगितले, तर अर्ध्या मिनिटात सोसायटीचा चेअरमन शहाणा होईल. मग तो तुम्हाला मीटिंगला बोलावेल, टँकरवाल्यासमोर बसवेल. कशाला ती आफत!

शोधनिबंधासाठी "लिंक बायोमध्ये". ती उघडली की प्रकाशक डॉलरमध्ये पैसे मागतो, आणि वाचक निमूट मागे फिरतो. बरेच प्रकाशक स्वीकारलेला मसुदा संस्थेच्या संग्रहात ठेवू देतात, कुणी लगेच, कुणी काही महिन्यांनी. ही अट त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेली असते, तेव्हा तिकडे फिरकू नका. यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडता येतो, म्हणजे खेड्यातल्या मास्तरांना तुमचं नाव देऊन तो कापता-जोडता येईल. सुदैवाने हा पर्याय "शो मोअर" दाबल्याशिवाय दिसत नाही. दाबू नका. प्रबंधाचा मात्र नाइलाज आहे : यूजीसीच्या नियमाने त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यावीच लागते, आणि ती त्यांच्या शोधगंगा या खुल्या ऑनलाइन संग्रहात जाते. गेली तर गेली, बोभाटा करू नका.

वाईट संगतीपासूनही जपा. आपल्याच पट्ट्यातल्या टेल्कोच्या कारखान्यात अरविंद गुप्ता नावाचे इंजिनिअर होते. 1978 साली रजा टाकून ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि बिघडले. काडेपेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या नळ्या यांची खेळणी करू लागले. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी छोट्या छोट्या फिल्म काढल्या, वेगवेगळ्या भाषांत, मराठीतही. शिवाय पुस्तकांचा ढीग आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवला. ड्रोन नाही, शाल नाही, बहुतेक वेळा पडद्यावर नुसते हात. 2018 साली सरकारने त्यांना पद्मश्रीही दिली. त्याच आयुकाचे जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. एवढा मोठा माणूस, पोस्टमनच्या भरवशावर संशोधन वाटत बसला! त्यांच्याकडे सबस्क्राइबर नव्हते, हे एक समजू शकतो.

तरीही एखाद्या रात्री तुमच्या व्हिडिओखाली चेअरमनचा प्रश्न येईलच : "सर, आमच्या बोअरचं पाणी प्यायचं की नाही?" रिवाजाप्रमाणे हात जोडल्याची इमोजी टाकून झोपता येतं. पण सर, कधीतरी रिवाज मोडा. त्याला टीडीएसचा आकडा सांगा आणि शोधगंगेवरचा पत्ता द्या. तो फुकट उघडतो.