लासुर्ण्याचं नाट्यशास्त्र

बँकेतून निवृत्त झालेला माणूस कलेकडे वळला, की कलेनं जपून राहावं. तो तिचंही ऑडिट करतो. आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, असेच वळले. आडनाव कुलकर्णी, मुक्काम सदाशिव पेठ. कोचीला जाऊन त्यांनी कथकली पाहिली. तिथे पर्यटकांसाठी आटोपशीर खेळ असतो. आधी नटांची रंगरंगोटी बघायची, मग डोळ्यांतले नऊ रस बघायचे. भाऊजींनी माहितीपत्रकावर रसांपुढे पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा करून आणल्या. बीभत्सापुढे मात्र प्रश्नचिन्ह होतं.

तेव्हापासून एकच पालुपद : "आपल्याकडे असं शास्त्रशुद्ध काही नाही." लासुर्ण्याजवळच्या एका वाडीवर माझा कॉलेजातला मित्र ऊस पिकवतो. त्याच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, "चैत्रात जत्रा हाय आमची. तमाशा ठरवलाय. पाव्हण्यांना घेऊन ये." भाऊजींनी विचारलं, "सीट नंबर असतात का?"

बारामतीहून इंदापूरची एसटी धरली. हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. आषाढवारीत काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं आणि पुढे बेलवाडीला गोल रिंगणात घोडे धावतात. ज्या रस्त्यावर मेंढरंसुद्धा टाळमृदंगाच्या साथीनं फेर धरतात, तिथल्या माणसांना नाचगाण्याचं वावडं असेल कसं? भाऊजींनी वहीत टिपलं : 'मेंढ्या – समूहनृत्य.' लासुर्ण्याच्या पुढे जंक्शन नावाचं गाव आहे. रेल्वेचा पत्ता नाही, पण नाव जंक्शन. भाऊजींनी कंडक्टरला विचारलं, "तिथे कुठल्या कुठल्या गाड्या थांबतात?" कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "हीच."

मित्रानं उतरवून घेतलं, पुरणपोळी आणि येळवणीची आमटी वाढली आणि ताटावरच माहिती दिली. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे जातात, राहुट्या-राहुट्यांतून फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात. "म्हणजे निविदा मागवता," भाऊजी समाधानानं म्हणाले. मित्र म्हणाला, "तसंच. फकस्त लिफाफ्याऐवजी चहा फोडत्यात."

संध्याकाळी फडाचे ट्रक आले आणि बघता बघता उघड्या माळावर रंगमंच उभा राहिला. भाऊजींना कोचीची आठवण झाली. "मेकअप बघायला मिळेल ना?" मित्रानं त्यांचा दंड धरला. "तिकडं फिरकू नका. पंच काठी घेऊन बसल्यात तिथं." सीट नंबरांच्या जागी युरियाची रिकामी पोती होती. भाऊजींनी पोत्यावरचं वजन, किंमत आणि उत्पादनाची तारीख वाचून घेतली, मगच बसले. शेजारी पटका बांधलेले एक तात्या होते. देवाचा छबिना लांबला होता, म्हणून भाऊजी घड्याळ बघत होते. तात्या म्हणाले, "कुठनं आलाय पाव्हणं? पुणं? मग दमानं घ्या. देव हाय तवर खेळ न्हाय."

अखेर ढोलकी कडाडली. हलगीनं तिला उत्तर दिलं, मग कडं आणि झांज. दोघं वाजवणारे एकमेकांकडे असे बघत होते, की जणू बांधाचा जुना तंटा आज मिटवायचा आहे. मग सुरत्ये पुढे आले, झीलकऱ्यांनी गगनभेदी सूर लावला आणि गण सुरू झाला. गणपतीला आवाहन. तात्यांनी कपाळाला हात लावला. भाऊजी चमकले. "अरे, हा तर पूर्वरंग! भरतमुनींनी सांगितलेली नांदी ती हीच." तात्या म्हणाले, "मुनींचं म्हाईत न्हाय. पर गणाबिगर तमाशा आमी चालू द्येत न्हाय."

गणामागून गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची पुढारी मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला आडदांड पुरुष, आणि वाटेत आडवे आलेले कृष्ण नि पेंद्या. कृष्णानं दाण मागितलं. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाण? आता ह्यो चौपदरी रस्ता झालाय बाबा. कपाळावर फास्टॅग हाय माझ्या, दिसत न्हाय व्हय?" माळ हसून फुटला. मावशीनं तेवढ्यात भाऊजी हेरले. "आन ह्ये पुढं वही घेऊन बसल्यात ते कोण गं? इन्कम टॅक्सवालं तर न्हाईत? बायांनो, दूध लपवा!" भाऊजींनी वही पोत्याखाली सरकवली. कथकलीत प्रेक्षकाकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

मग बतावणीत सोंगाड्या आणि त्याचा सरदार यांची जुंपली. मध्येच ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला : सोसायटीच्या माजी चेअरमनकडून सोंगाड्याला ५१ रुपये. सोंगाड्यानं मुजरा केला आणि अर्धी राहिलेली शिवी पुरी केली. पाठोपाठ आजी चेअरमनकडून १०१ आले. निवडणूक जवळ असावी. भाऊजी वैतागले, "रसभंग होतो हो!" तात्या म्हणाले, "रस हाय म्हणून तर पैसं द्यायलेत."

तेवढ्यात मागच्या बाजूला गलका झाला. बाटलीत बुडालेल्या दोघांना मंचावर जाऊन स्वतः नाचायचं होतं. हवालदार काठी आपटत आले आणि पोरं पांगली. आता भाऊजी माझ्या कानाशी लागले. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणे हाच प्रसंग आहे. इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिलं नाटक झालं, त्यात दैत्यांचा पराभव दाखवला. दैत्यांना राग आला, त्यांनी खेळ बंद पाडला. इंद्रानं ध्वजाचा दांडा उचलून त्यांना बडवून जर्जर केलं. म्हणून त्या दांड्याचं नाव जर्जर. विश्वकर्म्यानं नाट्यगृह बांधलं ते त्यानंतर. मी म्हटलं, "म्हणजे नाट्यगृहाआधी बंदोबस्त आला." हवालदारांकडे भाऊजी त्यानंतर वेगळ्या आदरानं बघू लागले.

पण इंद्राला वेळेचं बंधन नव्हतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायला सांगतात. पूर्वी वग तांबडं फुटेपर्यंत चालायचा. आता राजा, प्रधान, फितुरी, वनवास आणि न्याय एवढं सगळं तासाभरात उरकायचं. हवालदारांनी घड्याळाकडे बघितलं की राजा दोन प्रवेश गाळायचा. वनवास तर राणी पडद्याआड जाऊन आली तेवढ्यात संपला. दहाला पाच मिनिटं असताना प्रधानाची फितुरी उघडकीस आली, त्यानं कुठलीही टाळाटाळ न करता गुन्हा कबूल केला आणि राजानं जागेवर निकाल दिला. एवढा झटपट न्याय बँकेच्या थकबाकीदारांच्या बाबतीत मिळता, तर भाऊजी आणखी दहा वर्षं नोकरीत राहिले असते.

खेळ संपल्यावर तात्या बोलते झाले. विठाबाई नारायणगावकरांचं त्यांनी सांगितलं. नऊ महिने भरलेले असताना ही बाई बोर्डावर नाचत होती. मध्येच आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि राहिलेला खेळ करायला पुन्हा उभी राहिली. भाऊजींनी वही उघडली, पण काही लिहिलं नाही. रसांच्या यादीत याला कुठे बसवायचं, ते त्यांना उमगलं नसावं.

तात्यांनी आडनाव विचारलं. भाऊजी म्हणाले, "कुलकर्णी." तात्या सावरून बसले. "आरं तिच्या! पठ्ठे बापूरावांच्या घरचं?" रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी घरदार, वतन, सोवळं सोडून तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. 'नाही हो' असं भाऊजी म्हणेपर्यंत बातमी चहाच्या गाड्यापर्यंत पोचली होती. चार माणसं येऊन त्यांच्या पाया पडली. भाऊजींनी दोन वेळा इन्कार केला. तिसऱ्याला आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. रात्री खेळ झाला तरी फडाला सकाळी पुन्हा उभं राहावं लागतं, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. आता उन्हात, झाडाखाली, बिनझगमगाटाचा कार्यक्रम. फडानं थेट सिनेमाच्या गाण्यानं सुरुवात केली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तात्यांनी नाराजीनं मान फिरवली. आणि माझ्या शेजारून, आयुष्यात काउंटरपलीकडे आवाज न चढवलेला माणूस ताडकन उठून ओरडला, "आधी गण!"

ढोलकी थांबली. म्हाताऱ्यांच्या रांगेतून "बराबर हाय!" असा गजर झाला. मॅनेजर पुढे आला, बापूरावांच्या घराण्याला मुजरा केला आणि सिनेमाची नटी बाजूला होऊन गण उभा राहिला. शास्त्र पोथीत असतं असं मी समजत होतो. इथे ते पोत्यांवर बसलेलं होतं, आणि आता त्यात सदाशिव पेठेची भर पडली होती. गण संपताच ध्वनिक्षेपक खरखरला : "पुण्याचं पाव्हणं, पठ्ठे बापूरावांचं भाऊबंद, श्रीमान कुलकर्णी यांच्याकडून गणाला ५०१ रुपये!"

भाऊजींनी असं काही कबूल केलं नव्हतं. ते तात्यांचं परस्पर औदार्य होतं. पण साऱ्या माळानं वळून बघितल्यावर करणार काय? त्यांनी खिशातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि सोंगाड्याच्या हातावर ठेवल्या. सोंगाड्या मुजरा करून वळणार, तोच त्यांनी त्याला थांबवलं.

"पावती मिळेल ना?"