वेठीस धरलेली भांडी

ज्यांना गाडी चालवावयाची असते ते ती मेकॅनिककडे नेतात, आणि ज्यांना तेवढाही खटाटोप नको असतो ते नवी घेऊन मोकळे होतात. परंतु या दोहोंत न मोडणारा, आणि खानेसुमारीच्या कोणत्याही दप्तरात ज्याची नोंद नाही, असा एक तिसरा वर्ग आपल्या समाजात सुखाने नांदत आहे. त्याच्या अंगणात एक जुनी मोटार सदैव उघड्या बॉनेटाने उभी असते, आणि तिच्या निमित्ताने तो घरातील यच्चयावत वस्तूंना त्यांच्या जन्मसिद्ध कर्तव्यापासून परावृत्त करून हत्यारांच्या पलटणीत भरती करीत असतो. या वर्गाचा मला ज्ञात असलेला सर्वांत अस्सल नमुना भिवंडी तालुक्यात खारबाव येथे, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, वास्तव्य करून आहे. गाव त्यांना दादूस म्हणते. आपणही तेच म्हणू.

खारबावची निवड नियतीने विचारपूर्वक केली असावी. एका बाजूस भिवंडी, जिथे यंत्रमागांचे भंगार मणांनी निघते; दुसऱ्या बाजूस अंजूरफाट्याहून चिंचोटीकडे जाणारा रस्ता, ज्यावरून गुदामांकडे धावणारी अवजड वाहने खड्ड्याखड्ड्याला एखादा नट वा बोल्ट दान करीत जातात; आणि मध्ये वसई-दिवा लोहमार्ग, ज्यावर उतारूंच्या गाड्या इतक्या मोजक्या, की एक चुकलेल्या मनुष्यापाशी एखादे इंजिन उतरवून पुन्हा चढविण्याइतका अवकाश शिल्लक राहतो. दादूसांना कच्च्या मालाचा पुरवठा पहिल्या दोहोंकडून होतो आणि मनुष्यबळाचा तिसऱ्याकडून. गाडी चुकलेला उतारू कुंपणाशी क्षणभर रेंगाळला की त्याच्या हाती बॅटरी आलीच, आणि ‘जरा धरा’ एवढ्या तोंडी मुचलक्यावर अडकलेला तो सद्गृहस्थ कित्येकदा पुढचीही गाडी चुकवतो.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही मूळची इटालियन घराण्यातील फियाट 1100. इकडे येऊन तिने डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावे धारण केली तरी लोकांनी तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले. तिचे 1089 घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन स्वभावाने अत्यंत सालस: जे काही आहे ते डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते. वयाची 20 वर्षे भरली की टॅक्सीने निवृत्त व्हावे या नियमान्वये, 2003 च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून बरखास्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळीचे रकाने भरले. दादूसांनी मात्र अश्रू न ढाळता भंगारवाल्यांकडे फेऱ्या सुरू केल्या आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोप्या, कार्बोरेटर व पेट्रोल-पंप यांचा एवढा साठा केला, की पलंगाखाली झाडू फिरणे त्या दिवसापासून बंद झाले.

सुटे भाग दादूस आनंदाने विकत घेतात. हत्यार विकत घेणे हा मात्र त्यांना स्वतःचा उपमर्द वाटतो. त्यांच्या मालकीची अधिकृत हत्यारे म्हणजे एक पक्कड, एक टवका उडालेला स्क्रू ड्रायव्हर, दोन-चार पाने आणि एक हातोडी. ‘नटाला त्याचाच पाना लागला, तर त्यात खोलनाऱ्याची हुशारी ती कंची?’ असा त्यांचा रोकडा सवाल असतो. गाडीत बिघाड झाला असता त्यांचे चित्त बिघाडापाशी फार काळ थांबत नाही. या कामी कारखान्यात कोणते हत्यार वापरतात आणि त्याच्या ऐवजी घरातील कोणती वस्तू चालेल, या विचारापाशी ते आले म्हणजे त्यांच्या मुद्रेवर जे तेज चढते, ते गाडी सुरू झाल्यावर कधीही दिसत नाही. किंबहुना गाडी सुरू झाली की ते किंचित खिन्नच होतात.

हे सर्व वेडाचार आहेत असे मात्र कोणी समजू नये. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला असता त्यात पोलादी तार खुपसणारे महाभाग पुष्कळ आहेत, आणि पितळेचे ते सूक्ष्म छिद्र त्यायोगे रुंदावून गाडी पुढे जन्मभर जास्त पेट्रोल पिते. दादूस केरसुणीचा एक हीर निवडतात आणि सुतासारखे काम करतात. टॅपेट कोणता वाजतो हे ओळखण्यासाठी ते लाटण्याचे एक टोक इंजिनावर व दुसरे कानाशी लावतात, आणि लाकडातून आवाज इतका स्पष्ट येतो की डॉक्टरांनीही हेवा करावा. पिस्टन सिलिंडरमध्ये बसविताना त्याच्या रिंगा दाबून धरण्यासाठी डालडाच्या जुन्या डब्याचा पत्रा, पेट्रोल-पंपाच्या गॅस्केटसाठी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, आणि अलगद ठोकण्यासाठी यंत्रमागावर धोट्याला टोला देणारा म्हशीच्या कातड्याचा पिकर, ही सर्व योजना यंत्रशास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरते. कार्बोरेटरचा पितळी फ्लोट गळका असल्याचा संशय आला तेव्हा त्यांनी तो कढत पाण्यात बुडवला. भोकातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली आणि निदान झाले. आता ते पाणी चहाचे आधण होते, ही गोष्ट वेगळी. आतून वहिनींचा आवाज आला, ‘गारीचा नंतर बगा, पयले माजा टोप आना!’

परंतु त्यांच्या प्रतिभेचा उत्कर्ष पाहावयाचा तर व्हॉल्व्हची स्प्रिंग मोडली तो दिवस पाहावयास हवा होता. हेड न उतरवता स्प्रिंग बदलावयाची, तर तिच्या आधाराने लटकलेला व्हॉल्व्ह खाली सिलिंडरात पडू नये अशी तजवीज करावी लागते. मोठ्या गॅरेजात त्यासाठी प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरतात. दादूसांकडे हवा भरण्याचे साधन म्हणजे सायकलचा पंप. म्हणून त्यांनी प्लग काढून त्या 14 मिलिमीटरच्या भोकातून सुती दोरी आत सारण्याचे ठरविले, जेणेकरून पिस्टन वर आला की दोरीचा गोळा दाबला जाऊन व्हॉल्व्ह जागच्या जागी धरला जावा. युक्ती जगन्मान्य आहे. दोरी मात्र घरात नव्हती. वाळत घातलेल्या परकराकडे त्यांची दृष्टी गेली आणि पुढच्याच क्षणी त्याची नाडी सिलिंडरात शिरू लागली. दिव्याकडे निघालेल्या दोघा उतारूंनी, टॉप गिअरमध्ये टाकलेली गाडी बोटबोट ढकलून पिस्टन वर आणला. मोरीच्या नळाच्या तुकड्यांपासून केलेल्या तरफेने स्प्रिंग दाबली गेली. सुनेच्या भुवया कोरण्याच्या चिमट्याने, स्प्रिंगला व्हॉल्व्हशी जखडून ठेवणारी दोन चिमुकली लॉके निघाली आणि नवी स्प्रिंग बसून पुन्हा जागी गेली. येथवर सर्व काही ग्रंथात शोभावे असे घडले. नंतर नाडी ओढली, तर ती येईना. नाडीला गाठ असते, हा व्यवहार दादूसांच्या ध्यानी राहिला नव्हता. आत जाताना अंग चोरून गेलेली ती गाठ दाबाखाली फुगून बसली होती. अंगणात तत्काळ सभा भरली. एकाने पेट्रोल ओतून नाडी जाळण्याची सूचना मांडली, तिला सुदैवाने अनुमोदक मिळाला नाही. अखेर गाडी उलटी ढकलून पिस्टन खाली घेतला आणि वहिनींच्याच विणकामाच्या सुईच्या आकड्याने, अर्ध्या गावाच्या साक्षीने, काळीकुट्ट नाडी तसू तसू बाहेर आली.

या प्रकारानंतर वहिनींनी एक वही घातली. वस्तू, जप्तीची तारीख, परत आल्याची तारीख आणि शेरा, असे तिचे चार रकाने आहेत, आणि मामलेदार कचेरीतील अव्वल कारकुनाने धडा घ्यावा अशी तिची ठेवण आहे. दादूस तिला फार मानतात, कारण कोणते हत्यार कोठे ठेवले याचा शोध त्यांना याच वहीतून लागतो.

गेल्या दिवाळीस जावईबापूंनी, सासऱ्यांचे हाल न पाहवून, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून पान्यांचा एक संपूर्ण संच आणला: लाल पेटी, आत मखमलीचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात आपापल्या नंबराचा चकचकीत पाना. दादूसांनी तो सौजन्याने स्वीकारला, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला आणि त्यांना जेवण जाईनासे झाले. बॉनेट बंद झाले. उतारू वेळेवर घरी पोहोचू लागले. वहिनींनाही करमेना, कारण वहीत लिहिण्याजोगे काही घडत नव्हते. असे दिवस लोटले, आणि मग एका सकाळी मॅनिफोल्डचा आतल्या अंगाचा एक नट सैल झाला, ज्यापर्यंत सरळ पाना पोहोचतच नाही. दादूसांनी पेटी उघडली, 13 नंबरचा नवा कोरा पाना काढला, अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत लालबुंद केला आणि पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकत त्याला काटकोनात वाकवला. जावईबापू दारात अवाक् उभे होते. त्यांच्या हाती दादूसांनी बॅटरी दिली. वहिनींनी वही उघडून लिहिले: पाना 13 नंबर, जावयांचा, पाटा-वरवंटा, माझा, आणि शेऱ्याच्या रकान्यात, ‘तब्येत सुधारली.’